उद्याला डावा कौल

देव बघतोय, सगळं ठीक होईल, असं कुणी म्हणालं की त्या दिवसांत माझं टाळकंच सटकायचं. बघतोय तर बघू दे, पण नुसता बघत काय बसलाय? माझी सात वर्षांची ऋतू चालता चालता तोल जाऊन पडायची, सकाळी उठली की ओकायची. कुणी म्हणालं पित्त आहे. कुणी दृष्ट काढायला लावली, तर मीठ-मिरच्या ओवाळून माझे हात दुखायला आले. शेवटी कोल्हापूरला डोक्याचा फोटो काढला, तेव्हा मेंदूच्या मागच्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन करून ती काढली आणि मग कळलं की कॅन्सर आहे. घरात सगळे रडले. मला रडायलाही फुरसत नव्हती, इतकी मी चिडले होते.

पुढचे उपचार मुंबईला होणार होते. तिथले डॉक्टर म्हणाले, आता किरणं आणि औषधं द्यायची, पण किती द्यायची ते गाठीतली जनुकं तपासल्यावरच ठरेल. मी म्हटलं, अहो, कॅन्सर आहे म्हणून कळलंय ना, मग आणखी काय शोधताय? बिचाऱ्यांनी शांतपणे समजावलं. दिसायला सारख्या असलेल्या गाठी आतून वेगळ्या असतात. कुठली जनुकं जोरात काम करतायत आणि कुठली गप्प बसलीत, त्यावरून गाठीची जात कळते. एक जात उपचाराला चांगली दाद देते, दुसरी देत नाही. एवढ्याशा मुलीच्या डोक्याला गरजेपेक्षा जास्त किरणं दिली, तर पुढे तिच्या शिकण्यावर, वाढण्यावर परिणाम होणार. कमी पडली, तर गाठ परत येणार. आणि हे सगळं लवकर ठरायला हवं, ऑपरेशननंतर फार दिवस घालवून चालत नाही. म्हणजे माझ्या पोरीचा पुढचा सगळा जन्म मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेल्या, नखाएवढ्या तुकड्यावर येऊन थांबला होता. तो ठोकळा कोल्हापूरहून आणून मुंबईला पोचवायचा होता.

माझे यजमान तो घेऊन, आधी पैशांची सोय करायला, रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी आले. गणपती नुकतेच गेलेले. चाकरमानी परतत होते, गाड्यांत मुंगी शिरायला जागा नाही. कशीबशी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीची एक जागा मिळाली. आणि तेव्हा आमचे आबा, म्हणजे सासरे, म्हणाले, "देवीला विचारल्याबिगर पोरीचं काय बी बाहेर पाठवायचं नाय. कौल लावू." मी कपाळावर हात मारला. पण आबांचा शब्द मोडायची ह्यांची काय बिशाद! निघाली वरात देवळात. ठोकळ्याची डबी देवीपुढे ठेवली. गुरवाने पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आता पहिल्या मानाला कुणी उभं राहायचं यावरून दोन मानकऱ्यांची जुंपली. इथे माझ्या पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि ह्यांचा मानापमान चाललाय! अखेर गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "आई, उद्या सकाळी तुझ्या लेकराचा नमुना मुंबईला धाडतोय. धाडू काय, म्हाराजा?" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि डावीकडची पाकळी टपकन पडली.

झालं. आबा मटकन खालीच बसले. तिकीट रद्द करा, म्हणाले, पंधरवड्याने पुन्हा कौल लावू. ह्यांनी मान खाली घातली. मी मात्र भर देवळात ओरडले. "आई, तुला काय कळतं गं जनुकांतलं? पोरगी तुझी नाही, माझी आहे!" गुरव घाबरला, मानकरी माझ्याकडे बघत राहिले. एवढी चिडले होते, पण डबी उचलायला हात काही पुढे होईना. देवीची भीती पोटात होतीच. काय करावं ते सुचेना आणि मी तिथेच उभ्याउभ्या हुंदके देऊ लागले.

खांबाशी एक बाई बसली होती. नाट्याची, म्हणजे नाटे गावातली, मासळीच्या धंद्यातली. नवस फेडायला आली होती. आमच्या ओळखीची ना पाळखीची. ती उठली आणि आबांनाच दरडावत म्हणाली, "काय वो आजोबा, उद्या नको म्हनली ना ती? मग आज न्या! माजा झील मिरकरवाड्याच्या बंदरातून मासलीची गाडी घेऊन आज मुंबैला चाल्लाय. बसवा तुमच्या मुलाला माज्या मुलासंगती." विचारलं होतं ते उद्याचं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आबांनी देवीकडे बघितलं, हात जोडले आणि स्वतःच डबी उचलून ह्यांच्या हातात दिली. मी त्या बाईच्या पाया पडायला वाकले तर म्हणाली, "अगो, माज्या कसल्या पाया पडतेस, गाडी सुटंल!"

हे रात्रभर बर्फाच्या खोक्यांना टेकून गेले आणि सकाळी प्रयोगशाळेत पोचले, ते बांगड्याचा वास घेऊनच. तिथल्या माणसाने आधी नाकाला रुमाल लावला. मग म्हणाला, नमुने एकदम भरून मशीन लावतो, आज लावतोच आहे, एक जागा आहे. दुपारनंतर आला असतात तर पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागलं असतं. हे सगळं ह्यांनी मला फोनवर सांगितलं. हा योगायोग म्हणायचा की आणखी काही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. त्या बाईचं नावही विचारायचं राहून गेलं, म्हणून रोज दिवा लावताना तिला 'नाट्याची आई' म्हणून हात जोडते.

निकाल आला. दाद देणाऱ्या जातीची गाठ निघाली. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे बरी होणार ना? ते म्हणाले, "आशा चांगली आहे, पण तसा शब्द मी देऊ शकत नाही." पूर्वीची मी असते तर त्यांच्याशी भांडले असते.

पहिल्या दिवशी किरणांच्या खोलीच्या दाराशी मी ऋतूचा हात घट्ट धरून उभी होते. आत कुणालाच थांबू देत नाहीत. नर्स सोडा म्हणत होती आणि माझी बोटं सुटत नव्हती. शेवटी ऋतूच वैतागली. "आई, सोड ना गं. मला एकटीलाच जायचंय." मी हात सोडला. जाड दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर बसून मी डोळे मिटले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच देवीला जाब विचारला नाही. एवढंच म्हटलं, आई, आत तू थांब.