उंबराचं कडं

अब्दुल गनी आमचे शेजारी. सुलतानपुरात त्यांना सगळे गनी मिस्त्रीच म्हणत. वखर, तिफण, बैलगाडीची चाकं, सगळं त्यांच्या हातचं. मग वावरोवावर बीटी कपाशी आली, ट्रॅक्टर आले, लोकांनी बैल विकले आणि मिस्त्रींच्या अंगणातली ठकठक थांबली. त्यांची बायको, बिलकिसभाभी, वारल्या. लेक फलक लग्न होऊन परभणीला गेली, मुलगा मोईज जालन्याला फर्निचरच्या दुकानात लागला. घरात ते आणि मागची विहीर, एवढेच राहिले.

विहीर त्यांच्या वडिलांनी बांधलेली. तळाशी उंबराच्या लाकडाचं गोल कडं बसवून त्यावर दगडाचं बांधकाम चढवलेलं. घराची मागची भिंत विहिरीपासून दोन हातांवर. मोईज दर जुम्म्याला फोन करायचा, विहीर ढासळली की घरही घेऊन जाईल, त्याच्या आधी या म्हणायचा. गनीभाईंचं उत्तर ठरलेलं, "माह्या बापाचं कडं धरून हाय, तोवर मी इथंच."

फलकनं मेहकरला कॉलेजात असताना भूगोलाची एक वही लिहिली होती, व्हेनिस नावाच्या शहरावर. समुद्राच्या उथळ पाण्यात उभं असलेलं शहर, रस्त्यांच्या जागी कालवे. गनीभाईंचं शिक्षण उर्दूतलं, मराठी अक्षर लागत नसे. दुपारी माझी पोथी झाली की मी त्यांच्या ओट्यावर जाऊन वाचून दाखवायची. ऐकण्यापेक्षा त्यांना लेकीचं अक्षर बघायचं असे. पान उलटायच्या आधी त्यावरून बोट फिरवत.

"शंभरावर बेटं, चारशे पूल, दारापुढं नाव बांधलेली," मी वाचलं.

"आपल्या इथं बैल बांधत तशी. आता तेबी नाही."

"एवढ्या पाण्यात राहून प्यायला पावसाचं पाणी साठवत."

"म्हंजे लोणारच की. तळं भरलेलं अन् पिऊ म्हटलं तं घोट नाही."

पुढं लिहिलं होतं की तिथं चिखलात लाखो लाकडी खुंट ठोकून त्यावर दगड आणि दगडांवर घरं उभी केली. शेकडो वर्षं ते खुंट टिकले, कारण पाण्याखाली लाकडाला हवा लागत नाही. गनीभाईंनी त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे माह्या बापाले माहीत होतं, वहिनी. त्याले कोणी वही नाही देल्ली."

तरी शहर खचतच होतं. मधल्या काळात कारखान्यांनी जमिनीतलं पाणी उपसलं, तेव्हा तर जास्तच. "तिथंबी बोअर मारले काय?" त्यांनी विचारलं. पुढच्या पानावर होतं की लोक एकेक करून ते शहर सोडून जातात. तिथं त्यांनी वही मिटली. "राहू द्या. बाकीचं मंग पाहू."

दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. चैत्रात एका शुक्रवारी विहिरीतला दगड सुटून पडला. साठी उलटलेले गनीभाई दोर बांधून स्वतः उतरले, वर आले ते चिखलानं भरलेले. "कड्याचा हातभर तुकडा भुसभुशीत झाला. बाकी लोखंडावाणी हाय. तेवढा नवा ठोकला तं भिंत राहते." मग म्हणाले, "तुमच्या उंबराची मांडीएवढी फांदी द्याल काय?"

आमच्या अंगणातला उंबर म्हणजे दत्तमहाराजांचं ठिकाण. आमचे हे असताना लावलेला. दर गुरुवारी मी त्याला दिवा लावते, प्रदक्षिणा घालते. त्याला कुऱ्हाड लावायची कशी? मी म्हटलं, "गुरुवार येऊ द्या. महाराजांना विचारते."

"इचारा," ते म्हणाले.

गुरुवारी दिव्यापुढं दोन चिठ्ठ्या टाकल्या. 'नको' निघाली. पुन्हा टाकल्या. पुन्हा 'नको'. तिसऱ्यांदा चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत. नमस्कार केला, माफी मागितली आणि तशीच शेजारी गेले.

गनीभाई विहिरीपाशी बसले होते. दोर गुंडाळून ठेवलेला.

"फांदी घ्या," मी म्हटलं.

"काल मागं उत्तमरावच्या वावरात बोअरले पाणी लागलं. कपाशीले ठिबक लावून राह्यला तो. सकाळी वाकून पाह्यलं तं आपलं पाणी खाली गेलं, कडं उघडं पडलं." त्यांनी हातानं खोली दाखवली. "आता नवं लाकूड घालून काय करू? तेबी दोन उन्हाळ्यात भुगा. फलकच्या वहीतच हाय नं. हवा लागली की गेलं."

"मी सहा दिवस घालवले."

"सहा दिवसानं काय होते? झाड वाचलं तुमचं." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "महाराज काय म्हणले?"

"हो म्हणाले," मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली. संध्याकाळी मोईजला फोन केला.

रविवारी मोईज टेम्पो घेऊन आला. सामान फार नव्हतंच. निघताना गनीभाईंनी माझ्या हातात एक तुकडा ठेवला. कड्याच्या चांगल्या भागातून करवतीनं कापलेला, काळा, वजनाला दगडासारखा. "पाण्यात ठेवजा, वहिनी. उघडा पडू देऊ नका."

वही त्यांनी सोबत नेली. शेवटची चार पानं वाचायची राहिली होती. जालन्यात त्यांना कोण वाचून दाखवेल, ते विचारायचंही राहून गेलं.

तुकडा मी उंबराखाली तांब्याच्या घंगाळात ठेवला आहे. दुपारी पोथी झाली की बाहेर येते. ओटा रिकामा दिसतो. या उन्हात घंगाळातलं पाणी दिवसाला दोन बोटं उतरतं. सकाळी भरते, दिवेलागणीला पुन्हा भरते.