जखमी हात वर करत नाही

सूर्यभान चितेगावच्या एका रंगाच्या कारखान्यात डबे भरायच्या मशीनवर कामाला होता, पण काय करता असं कुणी विचारलं की आधी सांगायचा, "मी जखमी हाय." समोरचा घाबरून त्याचे हातपाय बघायला लागला की गडी मनापासून खूश व्हायचा.

त्याचं असं होतं. कारखान्यात दरवर्षी आगीचं मॉक ड्रिल व्हायचं. आग खोटी, भोंगा खरा आणि जखमी खोटा. पहिला भोंगा झाला की सगळ्यांनी आवारातल्या लिंबाखाली जमायचं. जखमीनं मशीनपाशी पडायचं, चौघांनी त्याला स्ट्रेचरवर घालून लिंबाखाली आणायचं. मग अँब्युलन्स त्याला घेऊन गेटपर्यंत जायची आणि वळून परत यायची. दुसरा भोंगा वाजला की ड्रिल संपलं. बाकी कुणाला जखमी केलं की तो हसायचा, खाजवायचा. एकानं तर स्ट्रेचरवर पडल्यापडल्या तंबाखू मळली. सूर्यभानचं तसं नव्हतं. तो पडायचा गोणी पडावी तसा, आणि दुसरा भोंगा होईपर्यंत पापणीही हलवायचा नाही. एकदा मुंगळा नाकावर चढून कडकडून चावला, नाक वांग्यासारखं सुजलं, तरी हा पडून राहिला. तेव्हापासून सेफ्टी ऑफिसर श्रीधर साहेब दुसऱ्या कुणाला जखमी होऊच देत नसत.

एवढा मान मिळाल्यावर माणसाचं डोकं थोडंच ठिकाणावर राहतं! दरवर्षी चौघं आपल्याला उचलतात, अँब्युलन्स येते, साहेब स्वतः नाडी बघतात, म्हणजे कंपनीचा आरोग्य विमाही एक नंबरच असणार, असा त्यानं हिशेब मांडला. विम्याचं कार्ड त्याच्या पाकिटात खंडोबाच्या फोटोमागे होतं. ते त्यानं कधी उलटून पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्याची आई कस्तुराबाई पाचोडजवळच्या गावातून कायमची राहायला आली. गुडघे साथ देईनात, मेंढरांमागं हिंडणं जमेना, म्हणून तिनं पाचोडच्या बाजारात सगळी जित्राबं विकली आणि एक लाडकी शेळी तेवढी बरोबर आणली. शेळीच्या कानात पिवळा बिल्ला होता.

"इमा हाय तिचा," कस्तुराबाईनं सुनेला ऐटीत सांगितलं. "ह्यो बिल्ला म्हंजी सरकारी दागिना."

सून प्रेरणा पिशवीतलं दूधही वास घेतल्याशिवाय पातेल्यात ओतत नसे. तिनं शेळीकडं बघितलं, सासूकडं बघितलं आणि मग नवऱ्याकडं बघितलं.

"अवो, आत्याबाईंना तुमच्या कंपनीचा इमा चालतो का? आन् आपल्या समद्यांना त्यो पुरंल का?"

"कंपनी हाय ना. उचलून नेती."

"गेटापर्यंत नेती. गेटाच्या पुढं काय?"

सूर्यभाननं चहाचा घोट घेतला. गेटच्या पुढं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. अँब्युलन्स कधी पुढं गेलीच नव्हती.

"मंग इतवारी आपणच ड्रिल करू," प्रेरणा म्हणाली. "खऱ्या दवाखान्यापर्यंत जाऊन बघू. कळंल तरी."

आता घरात कसलेला जखमी असताना दुसऱ्याला पाडायचं काही कारण नव्हतं. पण प्रेरणाचं म्हणणं, कार्ड दाखवायला आणि बोलायला सूर्यभान शुद्धीवर पाहिजे. म्हणून जखमी व्हायची पाळी कस्तुराबाईवर आली. सूर्यभाननं तिला सकाळभर पडायला शिकवलं. म्हातारी जन्मात कधी दिवसा आडवी झाली नव्हती. ती खाटेवर पडायची आणि लगेच मान वर करून, शेळीला पाला टाकला का, असं विचारायची.

"माय, तू बेशुद्ध हायेस."

"व्हय रं बाबा. पर शेळी तर शुद्धीवर हाय ना."

शेवटी शेजारच्या सांडूच्या छोटा हत्ती टेम्पोत खाट चढवली. सांडूला गुलमंडीच्या बाजारात पडद्याच्या कापडाचे गठ्ठे पोचवायचे होते, म्हणून जखमी आधी गुलमंडीत गेला. दुकानदारानं गठ्ठे उतरवताना कस्तुराबाईनं खाटेवरूनच एका हिरव्या लुगड्याचा भाव केला, इतका की तो बिचारा म्हणाला, आजारी माणसाशी घासाघीस नको, घेऊन जा.

खाट उचलून दवाखान्यात आत नेली, तर काउंटरवर एक मुलगी बसली होती. सूर्यभाननं खंडोबाच्या फोटोमागचं कार्ड काढून साहेबी थाटात पुढं ठेवलं. पेशंटला काय होतंय, असं तिनं विचारलं.

"काई नाय. झालं तर काय, ते बघाया आलोय."

मुलगी भली होती. तिनं कार्डावरचे आकडे कॉम्प्युटरमध्ये घालून पाहिलं आणि म्हणाली, "यात तुम्ही, तुमच्या मिसेस आणि दोन मुलं आहेत. आईंचं नाव नाही."

"पुन्ना बघा की."

तिनं पुन्हा पाहिलं. नाव पुन्हा नव्हतं. खाटेवरून कस्तुराबाई म्हणाली, "म्हंजी शेरडाचा इमा हाय आन् माझा नाय." यात टोमणा मुळीच नव्हता. गाय दूध देते आणि बैल देत नाही, हे सांगावं तितक्या सरळपणे ती बोलली. सूर्यभानला मात्र लाज वाटली, अगदी कानापर्यंत. सगळ्यांदेखत आईला आपण खाटेवर घालून आणलं, आणि ती आपल्या कार्डात कुठंच नाही!

लाज वाटली की माणसाला जे येतं तेच तो करतो.

"कार्ड माझं हाय ना? मंग मीच पडतो," असं म्हणून सूर्यभान धाडकन पडला.

पडणं असं जमून आलं की अख्खा हॉल उभा राहिला. दोन वॉर्डबॉय धावले, खरं स्ट्रेचर आलं, डॉक्टर आले. छातीला तारा लावल्या, डोळ्यांत बॅटरी मारली. "अवो उठा," प्रेरणा त्याच्या कानात ओरडत होती. पण दुसरा भोंगा झाला नव्हता आणि भोंग्याशिवाय सूर्यभान आजवर कधी उठला नव्हता. डॉक्टरांनी सुई मागवली तेव्हा प्रेरणाचा धीर सुटला. "आत्याबाई, भोंगा वाजवा!"

भोंगा कसा असतो हे कस्तुराबाईनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं तोंडाशी हात धरले आणि सांजच्याला डोंगरावरची मेंढरं खाली बोलवायची हाळी दिली, लांबलचक, गळा ताणून. वरच्या मजल्यावरचे नातेवाईक जिन्यात आले. सूर्यभान टुणकन उठून बसला.

त्यानंतर डॉक्टर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सोमवारी सूर्यभान प्रेरणानं पाठ करून दिलेले प्रश्न घेऊन श्रीधर साहेबांपुढं उभा राहिला. साहेबांनी नीट सांगितलं. कार्डावर जेवढी रक्कम आहे ती घरातल्या सगळ्यांत मिळून वर्षाला एकदाच. एकाचंच मोठं ऑपरेशन झालं तर बाकीच्यांना त्या वर्षी काही उरेलच असं नाही. आणि नोकरी सुटली की विमाही सुटला.

"आन् आई?"

"आई-वडिलांना घेता येतं. वेगळा हप्ता पगारातून कापतात. मागच्या ड्रिलला लिंबाखाली मी सगळ्यांना विचारलं होतं, ज्यांना पाहिजे त्यांनी हात वर करा म्हणून. तुम्ही केला नाहीत."

"साहेब, मी जखमी व्हतो."

"ऐकू येत होतं ना?"

"आलं व्हतं."

"मग?"

"जखमी हात वर करत नाय, साहेब."

श्रीधर साहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, आता विमा नवा होईल तेव्हाच नाव घालता येईल, म्हणजे पुढच्या ड्रिलच्या वेळी.

"म्हंजी हे कार्ड गेटापर्यंतच हाय," सगळं ऐकून प्रेरणानं निकाल दिला. "गेटाच्या पुढचा इमा आपला आपण घेऊ, झेपंल तेवढा. पर पयलं आत्याबाईंचं नाव घाला."

मधले महिने सूर्यभाननं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. आईला काही व्हायला नको, या धास्तीनं तो तिच्यामागं उशी घेऊन फिरायला लागला. ती शिंकली की काढा. ती स्टुलाकडं नुसतं बघायची, तर हा स्टूल उचलून पळायचा. न्हाणीपासून अंगणापर्यंत त्यानं पोती अंथरली. "ड्रिल झालं की काय बी कर, माय," तो हात जोडून सांगायचा. म्हातारी वैतागून शेळीपाशी जाऊन बसायची.

ड्रिलचा दिवस उजाडला. त्या वर्षी बाहेरून मोठे साहेब बघायला येणार होते, फोटोवालाही होता. श्रीधर साहेबांनी सूर्यभानला बाजूला घेऊन सांगितलं, "आज आपली इज्जत तुमच्या हातात आहे."

भोंगा झाला. सूर्यभान पडला, आणि जुनी माणसं अजून सांगतात की तसं पडणं पुन्हा झालं नाही. चौघांनी त्याला लिंबाखाली आणून ठेवलं. मोठे साहेब वाकून बघायला लागले, फोटोवाला जवळ सरकला. अँब्युलन्स वळून यायला थोडा वेळ होता, तेवढ्यात श्रीधर साहेबांनी जमलेल्यांना विचारलं, "यंदा आई-वडिलांना विम्यात कुणाकुणाला घ्यायचंय? हात वर करा."

इकडंतिकडं काही हात वर झाले. मग स्ट्रेचरवरचाही एक हात हळूच वर आला.

मोठे साहेब दचकून मागं झाले. श्रीधर साहेब घाईनं खाली वाकले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "सूर्यभान, हात खाली. तुम्ही बेशुद्ध आहात."

"आदी नाव घ्या," डोळे मिटूनच सूर्यभान म्हणाला. "कस्तुराबाई."

श्रीधर साहेबांनी नाव लिहिलं आणि त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचलं. हात खाली गेला, आणि सूर्यभान पुन्हा बेशुद्ध झाला.