पायाखालची डबी

पोखर्णीच्या जत्रेत आमच्या ऑर्केस्ट्राचा दुपारचा कार्यक्रम होता. मी गायचो. आमचा गिटारवाला आवाज कायम चढवूनच ठेवायचा आणि त्याच्या वरताण ओरडून माझा घसा बसायचा. त्या दिवशी तो आजारी, म्हणून नांदेडचा एक जण बदली आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्याने चप्पल स्टेजखाली काढली, पत्र्याची एक डबी पायाशी ठेवली आणि तिच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला जोडल्या.

"फुडून जोडली की आवाज फाटतो," तो म्हणाला. "मागून जोडली की निस्ता मोठा व्हतो."

गिटार एकटी वाजायची वेळ आली की तो अनवाणी पायाने डबीचं बटण दाबायचा. सूर तसाच गोड, पण पार रसवंतीपर्यंत जायचा. मी गायला लागलो की पुन्हा बटण दाबून तो आवाज लहान करायचा. इतक्या निवांतपणे मी कधी गायलो नव्हतो.

शेवटी तो वाकला. लोकांना वाटलं, आपल्यालाच नमस्कार केला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारीच होतो. त्याने डबीला हात लावून तो कपाळाला लावला होता.

"लय येळा पाय लागलाय हिला," तो म्हणाला.