फीपायी कॉलेज सोडलं, कावीळ नव्हती

फी भरता आली नाही म्हणून कॉलेज सुटलं, हे सांगायला तुम्हाला लाज का वाटते?

मला वाटत नव्हती. पण लातूरला क्लासच्या मुलाखतीला निघालो, तेव्हा नांदेडच्या खोलीतला माझा रूम पार्टनर जावेद म्हणाला, "भाई, कावीळ झालती म्हन. काविळीला कुनी पुरावा मागत न्हाई."

खरं असं होतं. भूकंपात औशाजवळचं आमचं घर पडलं. वडिलांचं शिलाईचं दुकान त्याच घरात होतं. मी बी.एस्सी. अर्धवट टाकली आणि उदगीरला मोटार वाइंडिंगच्या दुकानात लागलो. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी भरायची, ते काम. दोन वर्षांनी कॉलेजात परतलो आणि फिजिक्स घेऊन पास झालो.

क्लासची मुलाखत म्हणजे आधी डेमो. अनोळखी पोरांना एक टॉपिक शिकवून दाखवायचा. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. माझा डेमो असा रंगला की मागच्या बाकावरची पोरंही शंका विचारू लागली. खडू संपला तरी मी थांबेना!

मग केबिन. क्लासच्या मालकांना सगळे सर म्हणत.

"शिकवता झकास. हा गॅप कशाचा?"

"फी नव्हती, सर. मोटारी भरत होतो."

सर पुढं झुकले. "मला सांगितलं, ठीक. पालकांनी विचारलं तर आजारी होतो म्हणायचं. आपण फीवर चालतो, बाबा. मास्तरलाच फी भरता आली न्हाई, असं कसं सांगायचं?"

नोकरी हातात आली होती. घरचे अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. तरी तोंडातून निघालंच, "आजारी होतो असं न्हाई म्हणणार, सर. समोरच्या पोरांत उद्या कुणाची फी अडली तर? सुटलेलं कॉलेज पुन्हा धरता येतं, हे त्याला कोण सांगणार?"

"भाषण लई करता तुम्ही."

"हाव, सर."

ते हसले. "उद्या सकाळच्या बॅचला या. भाषण कमी, न्यूमेरिकल जास्त."

घरच्यांना सांगायला मी जवळजवळ पळतच एसटी स्टँड गाठलं!

खोटं बोलण्याची अट पुष्कळदा नुसती घालून पाहिलेली असते. ठाम नकार दिला की ती गळून पडते, एवढं मला त्या दिवशी कळलं.

तुमच्यापैकी कुणी मुलाखती घेत असाल, तर एक करा. शिक्षणात गॅप पडलेल्या उमेदवाराला 'का सोडलंस?' एवढंच विचारून थांबू नका. 'परत कसा आलास?' हेही विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.