राखणदाराला कळवलं, बापू

बापू गेले हे आम्ही राखणदाराला वर्षभर कळवलंच नाही.

आज कळवलं.

रत्नागिरी स्टेशनच्या बाजूला पत्र्याची एक जुनी शेड आहे. आम्ही तिला डेपो म्हणतो. बापू तिथले सर्वात जुने कामगार आणि मी स्टोअरचा क्लार्क. वीसेक वर्षं एकाच किटलीतला चहा प्यायलो.

शेडच्या मागे जांभ्याचा एक दगड आहे. तो त्या जागेचा राखणदार.

शेडमध्ये काही नवीन यायचं असलं की बापू त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. काय आलंय, कशाला आलंय, किती दिवस राहणार, सगळं मोठ्याने सांगायचे. प्रत्येक वाक्याला आम्ही मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचो.

त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या ट्रकवाल्या हमीदभाईचा. शुक्रवार असला की तो आधीच सांगून ठेवायचा, "बापू, नमाजला जायचाय. आज गाऱ्हाना शॉर्टमध्ये घ्या."

बापू घ्यायचे. राखणदाराची कधी तक्रार आली नाही.

रूळ टाकायचं काम चाललं होतं तेव्हा शेडमध्ये सिमेंट आणि स्लीपर असायचे. तो काळ मी फक्त बापूंच्या तोंडून ऐकला. मी नोकरीला लागलो तेव्हा गाड्या सुरू झाल्या होत्या आणि शेडमध्ये पहिल्यांदाच आंब्याच्या पेट्या यायच्या होत्या.

साहेब नवीन होते, घाईत होते. म्हणाले, "नारळबिरळ नंतर. आधी माल घ्या."

शटर उघडेना. चार माणसं लागली तरी जागचं हलेना. बाहेर पेट्या उन्हात.

बापू शांतपणे म्हणाले, "साहेब, राखणदार अजून स्लीपर राखतोय. आंबा आलाय ता त्याला कोणी सांगितलान?"

साहेबांनी स्वतः नारळ मागवला.

गाऱ्हाणं झालं. बापूंनी हात लावला आणि शटर सरसर वर गेलं. साहेबांनी दगडाला नमस्कार केला.

मी मात्र बघितलं होतं. साहेब नारळाच्या मागे होते तेवढ्यात बापूंनी शटरच्या पट्टीत तेल सोडलं होतं. नंतर मी त्यांना हळूच विचारलं.

"घातला तेल. मग? देव काय ग्रीस लावायला येणार हाय?"

माझी श्रद्धा त्या दिवशी कमी झाली नाही. उलट जरा घट्टच झाली. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आंब्यानंतर शेडमध्ये बरंच काही आलं. पंखे, फायली, मोडकी बाकं. प्रत्येक वेळी गाऱ्हाणं.

एका गणपतीत दरड आली आणि गाडी दिवसभर अडकली. बापूंनी शेड झाडून घेतली आणि चाकरमान्यांना आत बसवलं. बायका, पोरं, मखरांची खोकी. त्या दिवशीचं गाऱ्हाणं एवढंसंच होतं.

"म्हाराजा, आज माल नाय, माणसा हायत. मोजू नको. नुसती सांभाळ."

व्हय म्हाराजा म्हणायच्या वेळी मी एका पोराला पाणी पाजत होतो. हमीदभाईने माझ्याही वाटचं म्हटलं.

गेल्या वर्षी बापू हॉस्पिटलमध्ये होते. मला म्हणाले, "पुढचा गाऱ्हाना तू घालायचा."

"मला नाय जमणार, बापू." गावच्या शाळेत कविता म्हणायला उभं केलं तरी मी पहिल्या ओळीलाच खाली बसायचो.

"नाय जमला तर राखणदार तुला मेमो देणार हाय का?"

हसलो. हो म्हटलं.

दोन दिवसांनी बापू गेले.

शेड तेव्हा भंगार भरून बंद होती. नवीन काही येणार नव्हतं, म्हणून गाऱ्हाणं नव्हतं. मीही ते निमित्त धरून गप्प बसलो. दगडासमोरून जाताना मान खाली घालायचो. शब्द दिला होता ना.

आता त्या शेडचा प्रवाशांसाठी हॉल झालाय. कोपऱ्यात बचत गटाच्या बायका तांदळाची घावणं घालणार. उद्घाटनाची तारीख ऑफिसने ठरवली, आजची. बापूंना जाऊन आज वर्ष होतं हे ऑफिसला ठाऊक नव्हतं.

मला होतं.

सकाळी नारळ ठेवला. हात जोडले. मागे सगळे उभे. बापूंच्या पत्नी, आमच्या काकीही आल्या होत्या.

आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"व्हय म्हाराजा," हमीदभाई म्हणाला.

"अजून काय बोललो नाय मी."

"म्हणून तर. बंद गाडीला धक्का मारला."

सगळे हसले. त्या हसण्यातच मी सुरुवात केली.

"बा राखणदारा, आता हितं माल येणार नाय. माणसा येतील, बसतील, घावणं खातील. गाडी लेट झाली तर आमच्यावर राग धरू नको."

व्हय म्हाराजा.

"आणि एक सांगायचा राहिला. तुझे बापू गेले. वर्ष झाला. मी कळवला नाय. चुकी माझी हाय, पदरात घे."

या वेळी मागून कोणीच काही म्हणालं नाही. हमीदभाईसुद्धा.

मग काकींचा आवाज आला. अगदी हळू.

"व्हय म्हाराजा."

शटर पहिल्या झटक्यात वर गेलं.

तेल मी कालच घातलं होतं.

बापू, तुमचं काम झालं. पहिलं घावण दगडापाशी ठेवलंय, दोघांत वाटून खा.

तुम्हाला मनापासून नमस्कार.