फक्त प्रश्न विचारायचे

माझी थोरली बहीण शाळेत गाणं शिकवते. एकतीस वर्षं झाली. ताई तोंडाने फटकळ, पण शेजारच्या वर्गातलं नेमकं कोणतं पोर बेसूर आहे, ते भिंतीअलीकडून सांगेल. नव्या शिक्षिकांना ती तोंडावर सुनावायची. एकीने तक्रार केली, वरून कागद आला, आणि ताईने कानाला खडा लावला.

मग ते प्रशिक्षण निघालं. नव्या शिक्षकांना हाताशी धरून कसं तयार करायचं, त्याचे तीन दिवस. शिकवणारा साहेब जन्मात कधी वर्गासमोर गायला नसेल. तो म्हणे, चूक दाखवायची नाही, फक्त प्रश्न विचारायचे. ज्याची चूक त्यालाच सापडली पाहिजे. गाण्याचे बाकीचे शिक्षक मागे बसून जांभया देत होते. एकाने विचारलंही, बेसूर गाणाऱ्याला काय विचारायचं, तब्येत बरी आहे ना? सगळे हसले. ताई मात्र शब्द न् शब्द उतरवून घेत होती. अक्कल गहाण टाकली बाईने, दुसरं काय!

तिच्या हाताखाली दिलेली पोरगी चोवीस वर्षांची. आम्ही तिला चिमणी म्हणायचो. गळा गोड, पण वर्गात साठ पोरं. त्यांच्या गलक्यावर आवाज चढवायला ती घसा ताणून गायची. ताई मागच्या बाकावर बसून प्रशिक्षणात दिलेला फॉर्म भरायची. तास संपला की विचारायची, आज कसं वाटलं तुला? पोरगी म्हणायची, छान. ताई 'आत्मविश्वास उत्तम'पुढे खूण करायची आणि घरी येऊन मला सांगायची, ही गळा घालवून बसणार. अगं बाई, मग तिला सांग की! तर म्हणे, सांगायचं नसतं.

पाचव्या महिन्यात चिमणीचा आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, घशात गाठी आहेत. बोलता येईल, गाणं विसरा. तिने नोकरी सोडली. ताईला भेटायला आली तेव्हा मी तिथेच होते. कुजबुजल्यासारखं बोलत होती बिचारी.

"तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

"पहिल्या दिवसापासून," ताई म्हणाली.

पोरगी रडली नाही, भांडलीही नाही. चहा तसाच टाकून निघून गेली.

परवा वरून पत्र आलं. ताईचे फॉर्म सगळ्यांत व्यवस्थित, तेव्हा पुढच्या प्रशिक्षणात तिनेच शिकवावं. मी म्हटलं, लाज नाही वाटत तुला?

"वाटते," म्हणाली, आणि खाली सही केली.