पाखरीला पोटभर चारलं त्याची गोष्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बायांनो, पुढं मला मधेच थांबवू नका. फजिती माझीच आहे, कुणा शेजारणीची नाही. नवरा घरात असावा म्हणून झुरलेल्या बायका पुष्कळ असतील. पण त्यापायी घोडी लंगडी करून ठेवणारी मीच एक!

आमचं घर माथेरानच्या पायथ्याशी, नेरळच्या अलीकडं. धनी घोडेवाले. मुंबईचे साहेब, शेट लोक नेरळला गाडीतून उतरायचे आणि आमच्या पाखरीच्या पाठीवर बसून डोंगर चढायचे. दिवाळी झाली की धनी जे वर जायचे, ते पावसाळा तोंडावर येईपर्यंत वरच. दारातून डोंगर दिसायचा, माणूस दिसायचं नाही. मी अंगणात उभी राहून वर बघत बसायची, आणि आतून सासूबाईंची हाक यायची, "डोंगर काय पळून नाय जात गं, भाकरी करपली बघ!"

पावसाळ्यात मात्र घोडी खाली, धनी खाली. ते चार महिने माझे. माझे? कसले माझे! पाखरीचे!

बांधावर कोवळं गवत माजायचं आणि धन्यांना नेमका त्याचाच धाक. सकाळी घोडीला थोडं चारायचं, लगेच तोंडाला काथ्याचं मुसकं बांधायचं. मळणीत बैलाला बांधतात ना, तसलंच. घरी आणून सुका पेंढा घालायचा. तिन्हीसांजेला पुन्हा थोडं चारायचं, पुन्हा मुसकं. म्हणायचे, "कवळं गवत जातं पोटात, पन उतरतं खुरांत. एकदा का खुरं तापली, का घोडं कामातनं गेलं."

आता सांगा, गवतानं घोडं आजारी पडतं हे मला खरं वाटावं तरी कसं? मग आम्ही माणसांनी भात खाऊन आजारी पडायला हवं होतं!

श्रावणात एकदा धनी घोडीचे नाल आणायला कर्जतला निघाले. "पाखरीला बांधावर जरा फिरव. मुसकं काढू नको हां."

"बरं," म्हटलं, आणि डोक्यात किडा वळवळला. ही बया दुपारीच पोटभर चरली, तर संध्याकाळी हिला न्यायलाच नको. म्हणजे धनी घरात. म्हणजे मी हळदीच्या पानातल्या पातोळ्या करीन, ते ओट्यावर बसतील, माझ्याशी दोन शब्द बोलतील.

काढलं मुसकं!

अहो, काय चरली! मान म्हणून वर केली नाही. मला वाटलं, बिचारी उपाशीच होती की. मी आणखी गवत उपटलं आणि पदरात घेऊन भरवलं. उन्हं कलली तशी मुसकं बांधून गोठ्यात आणली.

संध्याकाळी पाखरी पेंढ्याकडं बघेना. "आज हिला भूक नाय वाटतं," म्हणत धनी खरंच ओट्यावर टेकले. मी पातोळ्या वाढल्या. खाल्ल्या. माझ्याकडं वळले. आणि काय म्हणाले? काही नाही! जांभई दिली, तिथंच आडवे झाले आणि घोरायला लागले.

दुसऱ्या दिवशी बघावं तर पाखरी पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागं देऊन उभी. ओढली तरी हलेना.

सासूबाई धावल्या. "दिष्ट लागली गं! मीठमिरच्या आन!" मी आणल्या. ओवाळून चुलीत टाकल्या. घोडी शिंकली, जागची हलली नाही. मग संशय शेजारणीवर. "तीच काल टक लावून बघत व्हती!" झालं, कुंपणावरून भांडण जुंपलं.

धन्यांनी खुराला हात लावला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. "हिनं कवळं खाल्लंय."

"रातची दावं तोडून गेली आसंल," सासूबाई म्हणाल्या.

"रातची कुठली! दुपारीच खाल्लं तिनं!"

हे कोण बोललं असेल? मीच!

भांडण तिथंच थांबलं. शेजारीण कुंपणावर कोपर टेकून ऐकायला लागली. धनी मात्र ओरडले नाहीत. ते जास्त लागलं.

एकेक पाऊल टाकत घोडीला मागच्या ओढ्यात नेलं, गार पाण्यात उभी केली आणि तिच्याशेजारी स्वतः उभे राहिले. आता रोज तेच! घरात माणूस हवं होतं मला, ते ओट्यावरूनही गेलं. मी भाकरी घेऊन जायची आणि तिथंच पाण्यात उभी राहायची. पायांना चिखल्या झाल्या तरी हटले नाही. पलीकडं ते, अलीकडं मी, मधे घोडी.

एक दिवस पलीकडून आवाज आला. असा मऊ आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"दुखतंय का गं अजून? घाबरू नको. मी हाय ना. तुला सोडून कुटं जात नाय मी."

"नाय वो," म्हटलं, "तुमी आसल्यावर कसलं दुखनं!"

घोडीच्या मानेखालून धन्यांचं डोकं बाहेर आलं. "तुला काय झालं गं?"

पाखरी बरी झाली. दिवाळीनंतर दोघं पुन्हा वर गेले. आता धनी नाहीत, पाखरीही नाही. नाती विचारतात, "आजी, आजोबा तुझ्याशी कधी गोड बोलले का गं?"

बोलले की! ओढ्यातला शब्द न् शब्द सांगते त्यांना. पोरींचे डोळे भरून येतात. घोडीचं तेवढं गाळते.